चौथं रीळ

बमनशेठ म्हणाला, उद्यापासून तू डोअरकीपर.
खाकी सदरा, बॅटरी, आणि तोंड बंद.
प्रिंट दिवसेंदिवस आखूड होतेय, घड्याळ लावून बघितलंय मी,
चौथ्या रिळातून कुणीतरी तुकडे काढतंय.
कोण, ते बघ.
मी त्याच्या ऑफिसात पावत्या फाडणारा.
बंदूक म्हणजे माझ्यासाठी दिवाळीतली, टिकल्यांची.

ग्रँट रोडला, पुलाच्या जरा अलीकडे, थेटर होतं.
आता तिथे लाद्यांचं दुकान आहे
आणि खाली तोच जुना उतार:
गोटी सोडली तर अजून पडद्याकडे जाते.

पिक्चर घोड्यांचा, पण चमत्कारिक.
एका ओसाड गावात रोज रात्री
कुणाच्या तरी घराचं दार चोरीला जायचं.
पैसे, गुरं, बायका जिथल्या तिथे,
फक्त दार नाही.
तपासाला येतो तो बंदूकवाला,
वेश पियानो दुरुस्त करणाऱ्याचा.
गावात पियानो एकच, तोही सुरात.
मग हा रात्री जाऊन तो बिघडवून ठेवतो
आणि सकाळी हत्यारांची पेटी घेऊन हजर.
पिटातला एक जण रोज ओरडायचा,
"अरे, गोळी तरी झाड!"

पंधरा दिवस, तीन-तीन खेळ.
शेवट एकदाही नाही पाहिला.
संपायच्या पाच मिनिटं आधी
मला बाहेरची दारं उघडायला जावं लागे.
मी कडी काढत असताना पाठीमागे
चोराचं नाव घेतलं जायचं, इंग्रजीत, पुटपुटत,
त्यावर खुर्च्यांची फटाफट.
बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडांवर ते नाव शोधायचो.
तोंडांवर असायचं
चहा प्यावा की उसाचा रस.

चौथं रीळ मात्र पाठ.
खिंडीत घोडा घसरतो. पुढचा पाय.
तो उतरतो, हॅट काढतो,
आणि कोटाच्या आतून पहिल्यांदाच
ती बाहेर येते.
पहिल्या दिवशी धूर दिसला होता.
सोमवारी नुसता आवाज.
बुधवारी हॅट काढली, की लगेच दुसरा डोंगर.
शनिवारी घोडा घसरलाच नाही.
तो मात्र पुढच्या गावात चालत आला,
खोगीर खांद्यावर,
आणि सहाशे माणसांत एकानंही विचारलं नाही
घोडा कुठाय.

चहा घेऊन केबिनचा जिना चढलो.
जळक्या कार्बनचा वास, भिंतीवर हजेरीचा तक्ता:
रखमाजी चाबुकस्वार, ऑपरेटर.
आडनाव पंधरा दिवस डोळ्यांसमोर होतं
आणि मी म्हणे तपास करत होतो.

नाही म्हणाला नाही तो.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला,
आत रुमालात गुंडाळलेले
दोन-दोन बोटांचे तुकडे.
"महालक्ष्मीला मोतद्दार होतो. नऊ वर्षं.
तांबडी घोडी होती माझ्याकडे. शर्यतीत पाय गेला.
भोवती कनात धरतात, पब्लिकला दिसू नये म्हणून.
मी कनातीच्या आत होतो."
एवढं बोलून उठला,
रीळ बदलायची वेळ झाली होती.

शेठला लिहून दिलं:
मशीन जुनं. दात झिजलेत, फिल्म खातं.
शेठनं चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं
आणि नव्या दातांचे पैसे मंजूर केले.

शेवटच्या खेळाला ठरवलं होतं,
आज दारं उघडायची नाहीत, चोर बघायचा.
पण लोकच आधी उठले,
अंधारात आतून दार बडवायला लागले,
आणि मी धावलो.

त्या गावातली दारं कुणी नेली, मला अजून माहीत नाही.
घोडा कुणी नेला ते माहीत आहे,
आणि त्याबद्दल मी
लेखी खोटं बोललोय.